आसारामची पाटातली गंज

आमच्या गावाला पाट येणार, ही बातमी जुनी झाली, लोक ती विसरले आणि मग पाट आला. पाणी तेवढं आलं नाही. एकदा ओढ्यावरचा पूल खचला, एकदा लोखंडी दारं आली तर ती उचलायचं चाकच नव्हतं. दर वेळी दवंडी व्हायची, गाव पूजेचे नारळ घेऊन काठावर बसायचं आणि संध्याकाळी घरोघरी त्याच नारळांची चटणी व्हायची.

या सगळ्यावर हसण्याचं काम आसारामकडे होतं. शेतीपेक्षा ते तो जास्त मन लावून करी. पाहुण्यांना सांगे, "पाट लई झ्याक हाय. पाय भिजत न्हाईत."

बहात्तरच्या उन्हाळ्यात त्याने कडब्याची गंज चक्क पाटाच्या तळात रचली. वाऱ्याला आडोसा, जागा सरकारची. आदल्या साली पावसाने दगा दिलेला. त्या गंजीवरच दोन्ही बैल पावसाळ्यापर्यंत तगायचे होते. ती गेली तर त्यांना घोडेगावच्या बाजारात विकायला उभं करायचं, दुसरा इलाज नव्हता.

एका सकाळी पाटकरी रंगनाथ सायकल रेटत काठावर आला. घामाने निथळत होता.

"आसाराम, गंज काढ. चाचणीचं पाणी सोडलंय."

"कुठवर आलंय? मागल्या सालावानी दवंडीपत्तुर?"

"मस्करी न्हाई. वरल्या गावाच्या पुढं आलंय."

"मंग चा घेऊ. पानी बी दमलं आसंल."

आसारामची बायको झुंबरबाई पुढे झाली. पदर खोचून पाटात उतरली आणि पेंढ्या वर फेकू लागली.

"आगं, लोक हसत्याल."

"हसू द्या. बैलं ऱ्हात्याल."

रंगनाथने सायकल आडवी टाकली आणि तोही उतरला. आसाराम काठावर विडी ओढत उभा राहिला. पण त्याचं लक्ष विडीत नव्हतं. वरच्या अंगाला बगळे उतरत होते, आणि कोरड्या पाटात बगळे उतरत नसतात.

मग वळणावरून ते आलं. पुढे पाचोळा, फेस, मागे तांबडं पाणी. आवाज फारसा नव्हता. आसारामने विडी टाकली आणि उडी मारली. गाव धावलं. पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं, तळच्या पेंढ्या तरंगू लागल्या. "वडा, वडा," आसाराम ओरडत होता. शेवटचा भारा काठावर पडला तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्या पाण्याकडे असा बघत होता, जणू ते त्यानेच आणलं आहे.

बघता बघता पाणी पोटरीवर आलं. मग घोट्यावर. मग नुसता चिखल राहिला.

"पुलापाशी भराव फुटला आसंल," रंगनाथ खाली मान घालून म्हणाला.

गाव खदखदून हसलं. "आसाराम, आज तरी पाय भिजलं का?" कोणीतरी विचारलं. सगळे त्याच्या उत्तराकडे कान लावून होते. आसारामने काठावरचं फावडं उचललं आणि रंगनाथला म्हणाला, "चल. दाव कुठं फुटलाय."

झुंबरबाईने मागून विचारलं, "अवो, गंज परत खाली लावू का?"

"वरच लाव."

"वाऱ्यानं कडबा उडंल की."

"उडू दे थोडा," आसाराम चालता चालता म्हणाला. "खाली नगं."