पंक्चर झालेली स्कुटी

मैत्रिणींनो, आज पांढरकवड्यात माझी स्कुटी पंक्चर झाली.

बोंडअळीचं औषध घ्यायला गेली होती. परत जाऊन कापूस वेचायचा होता. हट्टानं स्कुटी शिकली तेव्हा वाटलं, सुटली. आता बाहेरची सगळी कामं माझ्यावर, अन् घरातली तर होतीच.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मले कोनी उंबऱ्याबाहेर जाऊ देल्लं नाही, अन् तुले कोनी घरात बसू देत नाही."

पंक्चरवाल्यानं बसायला स्टूल दिलं. कितीतरी दिवसांनी मी नुसती बसली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन, "कुठं हाय? पाहुणे आले, चहा ठेवाचा हाय."

"झालं ताई," पंक्चरवाला म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊ, मागचं चाकही पाहून घ्या ना."

मागचं चाक चांगलंच होतं. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?