धाकटीच्या फोनमधला माणूस

चष्म्याच्या दुकानात दोघी बहिणी. थोरली आत काचा घासायची, धाकटी बाहेर गिऱ्हाईक बघायची. आई गेली तेव्हा धाकटी फ्रॉकमध्ये होती. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिची दुखणी, सगळं थोरलीनेच निभावलं. त्या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं, पण त्याचं तिला कधी फारसं वाटलं नाही. दुकान आवरताना धाकटी दिवसभराचं सगळं तिला सांगायची. पोटात काही ठेवायची नाही.

मग तो बसचालक आला. चष्म्याची काडी मोडली म्हणून आला आणि काडी बसल्यावरही येत राहिला. कधी स्क्रू सैल, कधी काचेवर ओरखडा. माणूस आडदांड, पण तोंडात मिठाची गुळणी. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ एवढ्यावर त्याचा कारभार चालायचा. हा काय आपल्या पोरीला बोलण्यात गुंडाळणार, म्हणून थोरली निर्धास्त होती.

पण धाकटी फोनकडे बघून गालात हसायला लागली. आवरताना गप्प राहायला लागली. एकदा तिनेच आपण होऊन फोन पुढे केला.

“ताई, वाच ना.”

बसचालकाने लिहिलं होतं : ‘तुम्ही माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवलात, तेव्हा आधी तुमचा चेहरा स्पष्ट झाला. बाकीचं दुकान मागाहून आलं.’

चांगलं होतं. तेच थोरलीला झोंबलं. इतकी वर्षं आपण हा चेहरा बघतोय, आपल्याला कधी असं सुचलं नाही.

“हे त्यानं लिहिलंय?” ती म्हणाली. “अगं, त्याच्या तोंडातून दोन शब्द काढायला पकड लागते! एआयकडून लिहून घेतलं असणार. हल्ली कुणीही कवी होतो.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. खोटं कशाला सांगा, ते बघून थोरलीला आत कुठेतरी गार वाटलं.

बसचालक पुन्हा आला तेव्हा धाकटीने तोंडावरच विचारलं. तो गडबडला.

“मदत घेतली. पण मनातलं माझंच आहे.”

“त्यातलं तुमचं कुठलं आणि मशीनचं कुठलं?”

तो मान खाली घालून निघून गेला.

थोरलीला वाटलं, झालं, आपली पोर आपल्याला परत मिळाली. पुढे एकदा बरं नाही म्हणून धाकटी घरीच राहिली. थोरलीने दुकानातून निरोप पाठवला, ‘तू नसलीस की दुकान खायला उठतं गं. जेवून घे.’

उत्तर आलं, ‘हे तूच लिहिलंस ना?’

त्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. ‘मीच गं, दुसरं कोण?’ असं थोरलीने लिहिलं आणि पाठवता पाठवता थांबली. हेही कुणीही लिहून देईल. संशयाची सवय पोरीला आपणच लावली, हे तिला तिथेच कळलं.

दुकानाला कुलूप लावून ती बसच्या आगारात गेली. तो गाडीची पुढची काच पुसत होता.

“दुकानात या,” ती म्हणाली. “आणि काय असेल ते तोंडाने बोला.”

“तोंडाने जमलं असतं तर फोनला कशाला सांगत बसलो असतो?”

एवढं लांब वाक्य तिने त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

“नाही जमलं तर नाही जमलं. पण या.”

धाकटी बरी होऊन दुकानात आली, त्या दिवशी तो आला. काउंटरसमोर उभा राहिला. थोरलीने आत काचा घासायचं मशीन चालूच ठेवलं.

“ताई, जरा बंद कर,” धाकटी म्हणाली.

करावं लागलं. आता शब्द न् शब्द ऐकू येणार होता.

“मी... इथल्या वळणावर गाडी मुद्दाम हळू घेतो. तुम्ही दिसता का बघायला. लोक ओरडतात.” त्याने घाम पुसला. “ओरडू देत.”

धाकटीने स्टूल पुढे सरकवलं. “बसा.”

हे शब्द त्याचेच होते, यात थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तर आधीपेक्षा जास्त जळलं. यात खोट काढायला जागाच नव्हती.

लग्न ठरलं. बसचालकही थोरलीला ताई म्हणायला लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिने ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा “काय हवंय?” म्हणून खेकसली.

“काही नाही. नुसतं ताई म्हटलं,” तो म्हणाला.