मोटारींचा पट

लाल मोटार सरळ माझ्या नवऱ्याच्या अंगावर येत होती आणि तो दोन्ही हात पसरून तिला समजावत होता, "हो, हो, हो रे राजा, हो!" उधळलेल्या बैलाला समजावतात तसं. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं कधीच पळाली होती. एक तर बाभळीवर चढला होता, काटे असूनही. नवरा मात्र चाकोरीच्या मधोमध पाय रोवून उभा. डोक्याला फेटा, हातात दुपट्टा, आणि तोंडावर असा भाव की आता ही गाडी लाजून थांबेल.

मी जवळच गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत होते. प्रेमबिम मला त्या वेळी काही सुचलं नाही. सुचलं ते एवढंच की हा मेला तर शेत दिराच्या ताब्यात जाईल आणि मी तीन पोरी घेऊन त्याच्या दारात भाकर मागत बसेन. शेत नुकतंच सासऱ्याच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर झालं होतं. दिराला ते कबूल नव्हतं. तो वाट पाहून होता. त्या दिवशीही आला होता, रोडगे खायला. मी हातातलं टाकलं आणि धावले.

आता हे झालं कसं, ते सांगते.

सौसरच्या एका डॉक्टरनं नागपूरहून जुनी, लाल विलायती मोटार आणली होती. बसायला दोनच जागा, वर छप्पर नाही, आणि इतकी ठेंगणी की आत बसलेला माणूस आणि रस्त्यावरची शेळी यांची तोंडाला तोंड गाठ पडायची. ही गाडी पळण्यासाठीच केलेली आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण पळवणार कुठं? पांढुर्ण्याच्या रस्त्यावर संत्र्याचे ट्रक, कापसाच्या बैलबंड्या आणि उरलेल्या जागेत खड्डे. त्याचं पाहून पांढुर्ण्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलानं तसलीच निळी आणली. मोहगावच्या संत्र्याच्या ठेकेदारानं साधीच नवी गाडी घेतली, पण तिच्यावर काळे पट्टे ओढून घेतले. म्हणजे तीही पळणाऱ्यांतलीच झाली. तेव्हा आमच्या गावात अर्ध्या घरी सायकलही नव्हती.

आमचं गाव बोरगावच्या जवळ. गावाबाहेर पटाचं मैदान. दर हिवाळ्यात तिथं बैलांचा पट भरायचा. शेजारी शेजारी दोन सरळ चाकोऱ्या, दोन जोड्या, मागे खेळण्यासारखी हलकी छकडी आणि तिच्यावर चिकटून बसलेला धुरकरी. बैल एकदा सुटले की आपोआप थांबत नाहीत. म्हणून शेवटी गडी उभे राहतात. हात वर करून, दुपट्टे हलवून, ओरडून ते जोडीला अडवतात आणि कासरा धरतात. माझा नवरा त्या गड्यांचा म्होरक्या होता. घरात त्याच्या हातून दुधाचं भांडं सुटायचं, पण जोडी कधी सुटली नव्हती.

डॉक्टर एके सकाळी आमच्या अंगणात येऊन बसला. म्हणाला, "काकाजी, विदेशात गाडीवाले दिवसभरासाठी एक मैदान घेतात. तिथं आपापली गाडी मनासारखी पळवतात. तसा एक दिवस आपण करू."

"म्हंजे पटच."

"पट नाही. शर्यतच नाही. ज्यानं त्यानं आपली गाडी पळवायची."

"मंग जितलं कोन, ते कसं समजते?"

"कोणी जिंकायचंच नसतं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरला ताप आहे का, असं त्याला विचारायचं होतं.

"अन् धुरकरी कोन?"

"चालवणारा ना? मीच."

"मालकच धुरकरी? अन् तुमालेच लागलं तं डॉक्टर कोनाले बोलवाचं?"

डॉक्टर हसला. मग त्यानं दोन गोष्टी मागितल्या. मैदानात कुत्री नकोत, आणि शेवटी मोकळी जागा हवी. "मोकळं राहीन, बिलकुल मोकळं," असा नवऱ्यानं शब्द दिला. तो खोटं बोलला नाही. पटाचा शेवट त्याच्या हिशेबानं मोकळाच असतो. तिथं फक्त गडी असतात आणि गड्यांच्या मागे पऱ्हाटीची गंजी असते. गंजीमागे नाला होता. एखादी जोडी त्यात जाऊ नये म्हणून तिथं दर वर्षी गंजी रचायची पद्धत होती. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या त्या पऱ्हाट्या माझ्या चुलीचं वर्षाचं जळण होत्या, म्हणून मला नीट आठवतात.

मग तयारी झाली. नवऱ्याला एकच तयारी येत होती, तीच त्यानं केली. खडे वेचले, चाकोरीवर पाणी मारलं, डफडी सांगितली, गुलाल आणला, नारळ आणले. आम्हा बायांकडे रोडगे आणि वांग्याची भाजी. गाड्यांना पेंड द्यायची का, असं सासूबाईंनी विचारलं. ती थट्टा होती की खरंच, हे मला आजवर कळलं नाही.

त्या दिवशी माणूस लोटला. आधी ठेकेदाराची पट्ट्यांची गाडी निघाली. धूळ उडाली तशी त्याला स्वतःच्या रंगाची काळजी लागली, आणि तो अर्ध्यातच हळू झाला. रांगत रांगत गड्यांपर्यंत आला नि थांबला. नवऱ्यानं पुढे होऊन गाडीच्या नाकावर थाप मारली, गुलाल लावला. निळी आली, तीही लांबूनच हळू होत थांबली. पुन्हा थाप, पुन्हा गुलाल. आता माझ्या नवऱ्याची खात्री पटली की दोन्ही गाड्या त्यानंच थांबवल्या.

"काही नाई यायच्यात," तो गड्यांना म्हणाला. "बैलापक्षा गरीब जात हाय."

लोक मात्र चिडले होते. तालुक्याभरातून माणसं आली होती आणि पाहायला काय मिळालं, तर वरातीची चाल.

"काऊन जी डॉक्टरसाहेब, पेशंट नेऊन राहिले का?" कोणीतरी ओरडलं.

"याच्यापक्षा माई गाभण म्हैस पळते!"

"आत्ता पाहा," डॉक्टर म्हणाला. त्याचे कान त्याच्या गाडीसारखे लाल झाले होते. शेवटी उभी असलेली माणसं तमाशा पाहायला आली आहेत, गाडी आली की बाजूला होतील, असं तो समजून होता. डफडी वाजली, झेंडी पडली आणि गाडी सुटली.

त्यानं ब्रेक दाबला, हे खरं. पण चाकोरीला आम्ही पाणी मारलं होतं. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती तशीच घसरत आली.

मी नवऱ्याला मागून धरायला गेले, तर हातात आला धोतराचा काष्टा. तोच ओढला. तो जोरात ओढला गेला आणि धोतर सुटलं. गाडीपुढे न हललेला माणूस धोतरासाठी हलला. दोन्ही हातांनी धरायला वाकला, तोल गेला आणि मला घेऊन आडवा झाला. आम्ही दोघं गंजीच्या कडेनं गडगडत नाल्याच्या उतारावर. गाडी आमच्या शेजारून गेली आणि नाकासकट पऱ्हाटीच्या गंजीत घुसली. नुसता कडकडाट. मग डफडीवाला तेवढा वाजवत राहिला, कारण त्याची पाठ आमच्याकडे होती.

पहिला ओरडला तो नवराच.

"सोडवली ना वं तू! माई जोडी सोडवली!"

"ते जोडी नाई, मोटार होती!"

"थांबतच होती ते. माह्याकडं पाहून राहिली होती."

"धोतर नेसा आधी. तालुका पाहून राहिला."

दीर वरून वाकून पाहत होता. "दादा, जित्ता हायेस का गा?" त्यानं विचारलं.

"जित्ता हाये," उत्तर मी दिलं. "रोडगे खाऊन घरी जा."

डॉक्टरला गंजीतून चौघांनी ओढून काढलं. केसांत काड्या, कपाळाला ओरखडे, चष्मा एका कानाला लटकलेला. तसाच तो उतरून आला आणि नवऱ्याचा पाय दाबून पाहू लागला. घोटा सुजला होता. "मोडलं नाही," असं तो म्हणाला. नवऱ्यानं त्याच्या कपाळाला गुलाल लावला. रीतच होती ती. रक्त आणि गुलाल वेगळं दिसेना, म्हणून बाया रडायला लागल्या. त्यांना गप्प करायला मला परत वर चढावं लागलं.

नवरा माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. एवढ्या लोकांत धोतर फेडलं, हा त्याचा राग. मलाही घरात शांतता बरी वाटली. पुढच्या हिवाळ्यात तो बैलांच्या पटात परत उभा राहिला, आणि मोटारींचं नाव गावात पुन्हा कोणी काढलं नाही.

शेत त्याच्याच नावावर राहिलं. तो म्हातारा होऊन, अंथरुणात, माझ्याशी भांडून गेला. डॉक्टर सौसरलाच असतो. मी आहे.