नव्या चेहऱ्याची जुनी गाडी

मिस्त्रीला राग यायला तसं फार काही लागत नसे, पण त्या शनिवारी कारण मोठं होतं. जावयानं नवी गाडी आणली होती, आणि ती नवी नव्हती.

बत्तीस वर्षं मिस्त्री गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून काम करत आला होता. बायको म्हणायची, "यांना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, गाडीचं बूड बरोबर राहतं." खोटं नव्हतं. उंच, दांडगट, डोंगर चढणाऱ्या गाड्या ही त्याची खासियत. त्यातल्या एका गाडीवर त्याचा जीव होता आणि तिची खोडही तोच नीट ओळखून होता. ती उंच होती आणि अंगानं अरुंद. सरळ रस्त्यावर राणी. पण वेगात अचानक स्टिअरिंग फिरवलं, किंवा चाक कडेच्या मातीत रुतलं, की बाई कुशीवर वळायच्या. कंपनीलाही ते कळलं असावं. पुढच्या पिढीत त्यांनी दोन्हीकडची चाकं एकमेकांपासून आणखी सहा इंच लांब नेली, सगळं वजन खाली आणलं, आणि गाडी घसरू लागली तर आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा बसवली. नाव मात्र तेच ठेवलं. इथंच सगळा घोळ झाला. लोकांना वाटतं, थोरली आणि धाकटी बहीण, दोघी सारख्याच.

मिस्त्री घसा फोडून सांगायचा, की बाबांनो, जुनी आहे, जपून वळवा, टपावर ओझं लादू नका. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि लगेच विचारायचं, "टपावर कॅरिअर बसवून मिळेल ना? आणि गाडी अजून दोन इंच उंच करता येईल का?" पालथ्या घड्यावर पाणी!

तर त्या शनिवारी दुपारी जावई पहिल्यांदाच ती गाडी दाखवायला गॅरेजच्या दारात उतरला, तो छाती फुगवूनच. मागून लेक आणि दोन नातवंडं उतरली. टपावर सामान बांधलेलं. तिथूनच डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं ते जावयाच्या आईवडिलांकडे निघाले होते.

"कशी आहे, बाबा?" जावयानं बॉनेटवर हात फिरवला. "कागदावर वर्ष जुनं आहे, पण विकणारा म्हणाला, आतून-बाहेरून सगळं नवीन टाकलंय. नव्या मॉडेलसारखीच."

मिस्त्रीनं चाकावरच्या प्लास्टिकच्या कमानीवर टिचकी मारली. कमान बाहेर आली होती, म्हणून गाडी ऐसपैस दिसत होती. चाक मात्र तिच्या आत कुठंतरी अंग चोरून बसलं होतं. त्यानं टेप काढला आणि पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं. जुनंच माप.

"जावईबापू, ही वरून कीर्तन आतून तमाशा आहे."

"असं कसं? हे बघा." जावयानं आत वाकून डॅशबोर्डवरचं बटण दाखवलं. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं. "तोल सांभाळायची यंत्रणा आहे हिच्यात. मी काय बघितल्याशिवाय घेतली?"

मिस्त्रीनं पेचकस घेतला, बटणाच्या कडेला घातला आणि उचकटलं. बटण टपकन हातात आलं. मागं ना तार, ना काही. नुसतं भोक.

जावयाचा चेहरा उतरला, पण माघार घेईल तर तो जावई कसला! "बरं, नसेल. मी जपून चालवतो. पाच महिने झाले, कुठं काय झालंय?"

"व्हायला पाच महिने लागत नाहीत, पाच सेकंद पुरतात! समोर गुरं आली, तुम्ही गपकन वळवलं, बाहेरचं चाक मातीत गेलं, संपलं! वर टपावर हे एवढं ओझं!"

"बाबा, तुम्हाला माझं काहीच पटत नाही," जावई म्हणाला. "नावडतीचं मीठ अळणी, त्यातली गत."

आता याला काय म्हणावं? मिस्त्रीला वाटलं, हातातलं बटण भिरकावून द्यावं. पण रागाच्या आड दुसरंच काही डोकं वर काढत होतं. तो चाकं लावलेल्या बसकट फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला आणि बॅटरीचा उजेड बंपरच्या आधारपट्टीवर टाकला. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची त्याची सवय होती, म्हणजे कुठला राहिला ते कळतं. समोर सहा नट होते. सहाही पिवळे.

काही वर्षांपूर्वी जुन्या गाडीला नवा चेहरा बसवायचं खूळ निघालं होतं. भंगारातून नव्या मॉडेलचे दिवे, बॉनेट, बंपर आणायचे आणि जुन्या सांगाड्यावर चढवायचे. मिस्त्री त्यात वस्ताद होता. डॅशबोर्ड उघडाबोडका दिसतो असं गिऱ्हाईक म्हणालं, तर त्यानं बटणसुद्धा नुसतं चिकटवून दिलं होतं. गाडीची खोड माहीत असूनही का केलं? तर "मिस्त्री, ओळखूच येत नाही हो!" हे ऐकायला गोड वाटायचं म्हणून. त्याला वाटायचं, मालकाला तर सगळं ठाऊक आहे. मालक गाडी विकतात, हे बत्तीस वर्षं मुरलेल्या मिस्त्रीच्या ध्यानात येऊ नये!

तो बाहेर आला तेव्हा लेक समोर उभी होती.

"कुणी केलंय हे काम, बाबा?"

"मीच."

जावई हसला. भांडण जिंकल्यासारखं हसला. "घ्या! म्हणजे तुम्हीच बनवायची आणि तुम्हीच नावं ठेवायची!"

लेक हसली नाही. तिनं मागचं दार उघडलं, मुलांच्या पिशव्या काढून बाकावर ठेवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "मुलं हिच्यात बसणार नाहीत. बसनं जाऊ." जावयानं आदळआपट केली, किल्ली टेबलावर फेकली, पण टपावरचं सामान सोडायला तोच चढला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो मुलांसाठी पाणी आणायला वळणार, तेवढ्यात लेकीनं विचारलं, "अशा किती केल्यात?"

त्यानं बोटांवर मोजलं. "नऊ. ही धरून."

"बाकीच्या आठ कुठं आहेत?"

त्याला तिघांचेच नंबर सापडले. लेक समोर बसून राहिली, तेव्हा फोन लावणं भागच होतं. पहिला नंबर बंद. दुसरीकडे कुणी उचलला नाही. तिसरा एका जुन्या गिऱ्हाइकानं उचलला. मिस्त्रीनं अडखळत सगळं सांगितलं, की ती गाडी दिसते तशी नाही, बटण खोटं आहे, वळणावर जपा.

"अहो, ती कधीच विकली," पलीकडचा मजेत म्हणाला. "घेणारा जाम खूश होता. नवीनच समजून घेऊन गेला! चार पोरांचा बाप, मोठीच गाडी हवी होती त्याला."

"त्याचा नंबर द्या."

"आता कुठला नंबर, मिस्त्री?"