गुरुवारची वाट

माझी आई दर गुरुवारी दुपारी आजाऱ्यांना भेटायला जायची. आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी अंथरुणाला खिळलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचं माणूस गेलं, की ती कापडी पिशवीत बायबल आणि गीतपुस्तक टाकून निघायची. चर्चने तिला हे काम दिलं नव्हतं आणि त्याचे पैसेही कधी दिले नाहीत. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, जीभ अस्सल पुणेरी. "आपण आजारी पडायचं तर गुरुवार बघून पडावं, तेवढीच बायकोची भेट होईल," असं ते जेवता जेवता म्हणायचे. आई हसायची आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची.

माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी ती मलाही बरोबर न्यायची. मला ते मुळीच आवडायचं नाही. बंद खोल्यांमधला बामचा आणि फिनेलचा वास, आणि हलायचं नाही. आई मात्र आजाराबद्दल फारसं बोलायचीच नाही. शेजारची मांजर व्याली, कोबी महागला, नाताळच्या करंज्यांना यंदा पदर सुटले नाहीत, असल्या गप्पा चालायच्या. निघताना ती त्या माणसाचा हात हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि पूर्ण नाव घेऊन प्रार्थना करायची. मुलांची, नातवंडांची, ज्या सुनेशी बोलणं बंद आहे तिचीसुद्धा नावं त्यात असायची. सुनेचं नाव आलं की आजाऱ्याच्या पापण्या हलायच्या. मी एक डोळा किलकिला करून हे बघायचे. घरी येताना बेकरीतून एक क्रीम रोल घ्यायचा आणि दोघींनी अर्धा अर्धा खायचा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता. ती चालताना मधेच माझ्या ओठांवरचं क्रीम पदराने पुसायची. आज मला त्या दुपारींची फार आठवण येते.

वडील गेल्यावर आई खडकीत एकटीच राहिली. मग एकदा मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी तिला कोथरूडला माझ्याकडे आणलं. जुन्या पाळकसाहेबांनी दवाखान्यात येऊन "या आमच्या भगिनीला बरं कर" अशी प्रार्थना केली होती, पण लगेचच त्यांची बदली झाली. नवे पाळक तिला ओळखतही नव्हते. आई वॉकर धरून खोलीतून दारापर्यंत यायची, तेवढंच तिचं चालणं उरलं.

गुरुवारी जेवण झालं की ती माझ्याकडून वेणी घालून घ्यायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायला सांगायची. कोण येणार आहे, असं मी विचारलं की म्हणायची, येईल कुणीतरी. चारच्या सुमारास मी चहा करायचे. संध्याकाळी ती स्वतःच म्हणायची, उचल त्या खुर्च्या. सगळा पावसाळा असा गेला. तिने आयुष्यभर ज्यांचे उंबरे झिजवले त्यांपैकी कुणी फिरकलं नाही. मला त्या माणसांचा इतका राग यायचा की रविवारी त्याच चर्चमध्ये उपासनेला गेले तरी मी कुणाशी धड बोलायचे नाही. शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायचे.

एका गुरुवारी मला राहवेना. मी फोन हातात घेतला आणि सगळ्यांना एकदाचं सुनावते म्हटलं. आईने फोन खाली ठेवायला लावला.

"बोलावून आलेली भेट मला नको. मी कधी बोलावण्याची वाट पाहिली नव्हती."

मी उठून चहा ठेवला.

दिवाळीच्या आधी, गुरुवारीच, दारावरची बेल वाजली. बाहेर एक म्हातारी बाई काठीवर भार टाकून धापा टाकत उभी होती. मी तिला ओळखलं. खडकीतली ही विधवा गुडघ्यांमुळे खोलीतून सहसा बाहेर पडत नसे आणि आई तिच्याकडे कित्येक वर्षं जात होती. आईच्या शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन, मनपाच्या स्टँडवर बस बदलून ती आली होती. शेजाऱ्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं की ताई लेकीकडे राहायला गेल्या. आत येऊन ती बसलीसुद्धा नाही.

"ताई, माझं काही चुकलं का? तुम्ही यायच्या बंदच झालात."

मग तिला आईजवळचा वॉकर दिसला आणि ती खुर्चीत बसली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. ताई आजारी असतील हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अमका आजारी आहे, तमकीला बघून ये, हे सगळ्यांना सांगणारी आईच होती. तिच्याबद्दल सांगायला कुणी उरलंच नव्हतं. ताई रागावल्या, असं प्रत्येक घराने आपापल्यापुरतं धरलं होतं. एका घराला वाटलं, लग्नाचं आमंत्रण उशिरा गेलं म्हणून. दुसऱ्याला वाटलं, भगिनी मंडळात शब्दाला शब्द वाढला म्हणून. माझा धुसफुसता चेहरा बघून त्यांची खात्रीच पटली असणार. विचारायला मात्र कुणी आलं नाही. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत हे ऐकत होते.

मग बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी डोकावले. म्हातारीने आईचा हात हातात घेतला होता. "मला येत नाही हो, मी कधी मोठ्याने केली नाही," ती म्हणाली. आईने डोळे मिटले. म्हातारीने माझ्या वडिलांच्या नावासकट आईचं पूर्ण नाव घेतलं आणि अडखळली. मग म्हणाली, "देवा, हिचा पाय बरा कर. ही आली नाही तर माझ्याकडे कुणीच येत नाही. आमेन."

मी म्हातारीला रिक्षात बसवून वर आले, तेव्हा आई तशीच बसली होती. गाल ओले होते.

"माझं नाव घेऊन कुणी प्रार्थना करताना मी आज पहिल्यांदा ऐकलं गं," ती म्हणाली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी आईला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. दफनाच्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. माणसं एकेक करून शवपेटीजवळ येत होती, रडत होती, आमच्या घरी ताई कशा धावून आल्या ते सांगत होती. आईचं नाव तिथे प्रत्येकाच्या तोंडी होतं. मी बाजूला उभी होते. राग केव्हाच गेला होता. हे तिला ऐकू यायला हवं होतं, एवढंच मनात येत होतं.

या वर्षी नव्या पाळकसाहेबांनी मंडळीत विनामोबदला काम करणाऱ्यांचा मेळावा घेतला आणि मला चार उत्तेजनाचे शब्द बोलायला सांगितलं. समोर संडे स्कूलच्या बाई होत्या, फुलं सजवणाऱ्या होत्या, सतरंज्या घालणारे, पेटी वाजवणारे होते. मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. तुमच्याकडेही कुणी येईल अशी खात्री मी देऊ शकत नाही, असं म्हटलं. पण तुम्ही केलेलं माणसं विसरत नाहीत, फक्त बोलायला उशीर करतात. म्हणून आत्ता, इथेच, शेजारच्याचा हात धरा आणि त्याचं नाव घेऊन, त्याला ऐकू जाईल अशी प्रार्थना करा.

आधी सगळे संकोचले. मग कुणीतरी सुरुवात केली आणि बघता बघता सगळा हॉल नावांनी भरून गेला. पेटीवाले काका तर हुंदके देत होते. मी समोर एकटीच उभी राहून ते ऐकत होते. आता धावत घरी जावं आणि आईला सांगावं, असं मला वाटलं, आणि मग आठवलं.