आमच्या तालमीची जर्सी

मैदानाच्या दगडी पायरीवर माझा मुलगा दोन फुटबॉल क्लबांची माहितीपत्रके मांडीवर घेऊन बसला होता. एकाचा प्रशिक्षक चांगला, दुसऱ्याचे सामने अधिक. शेजारी त्याची मुलगी सई बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

कोल्हापुरात आमच्या वेळीही खेळाडू संघ निवडत असत, असे हल्ली कोणीही लिहितो. ते साफ खोटे आहे. ज्या गल्लीत जन्म, तिच्याच तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी अंगावर चढे. सामना हरलो, तर सगळी पेठ मान खाली घालून चाले.

हेच मी मुलाला ठणकावून सांगितले.

"आबा, तालमीत पोरींची टीम हाय काय?" त्याने मान वर न करता विचारले.

"नाही."

"गल्लीतल्या पोरींनी अर्ज दिलता. तवा अध्यक्ष तुम्हीच हुता की."

समोर आमच्या तालमीची मुले सराव करीत होती. सई नाडी हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिली.

तो अर्ज मी न वाचताच परत केला, असे गल्लीत सांगतात. तेही खोटे आहे. मी तो दोनदा वाचला होता.