आत्याबाईंच्या अंगात आलं त्या दिवशी

बहात्तर सालच्या जानेवारीतली चतुर्थी. कोपरगावच्या पुढं आमची वस्ती, चारी बाजूंनी ऊस. आणि मी, नवी सून, सकाळी सकाळी चुलीपाशी काचेची नळी धरून बसलेली.

नळीत सासूबाईंची लघवी आणि डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध. उकळल्यावर रंग निळाच राहिला तर बरं, हिरवा-पिवळा झाला तर साखर, आणि विटकरी झाला तर झालंच कल्याण! घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून हे खातं माझ्या गळ्यात पडलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. दिवाळीच्या सुमारास मोरीत मुंग्या लागायला लागल्या, पायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. रोज सकाळी गोळी. गूळ, साखर, भात, बटाटा, साबुदाणा बंद. भाकरी जेवणाला अर्धीच, बाकी पोट पालेभाजी, अंडी, ताक, शेंगदाणे यांवर भरायचं.

आता माझी नात हार्मोन्स बिघडले म्हणून गोळ्या घेते आणि लो-कार्ब करते. परवा तिचा डबा उघडून बघितला... अगं बाई, हे तर आमच्या आत्याबाईंचं ताट!

फरक एवढाच की नातीचं कौतुक होतं, माझी वस्तीभर बदनामी झाली. उसाच्या मुलखात, जिथं पाहुण्याच्या हातावर आधी गूळ पडतो आणि मग पाणी, तिथं मी घरातला सगळा गूळ नणंदेकडं धाडून दिलेला. "सुनंनं सासूला अर्ध्या भाकरीवर ठिवलीया," हे बोलणं इतकं झोंबायचं म्हणून सांगू... आणि आत्याबाईंना काही झालं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, ही धास्ती वेगळीच.

आत्याबाई मात्र जिद्दीच्या. विटकरीचा हिरवा झाला, हिरव्याचा निळा झाला. नळी निळी आली की वस्तीभर सांगत सुटायच्या, पोरगं पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखं.

त्या दिवशीही निळीच होती. त्यांनी गोळी घेतली, मी उपासाचं म्हणून वाटीभर शेंगदाणे आणि ताक त्यांच्यापुढं ठेवलं आणि धुणं घेऊन विहिरीवर गेले. घरची पुरुषमाणसं ऊसतोडीवर होती.

दुपारी शेजारच्या कौसामामी ओरडत आल्या... "शालन, पळ! तुझ्या सासूच्या अंगात आलंय!"

ओले पाय तसेच घेऊन धावले. पडवीत आत्याबाई बसलेल्या, केस सुटलेले, हात थरथरतायत, नजर भलतीकडंच. बायकांनी त्यांना मळवट भरलेला, कापूर लावलेला, पुढं ताटात त्यांनीच आणलेलं गूळ-खोबरं. सगळ्या हात जोडून, "बोल आई, काय चुकलं लेकरांचं?"

आत्याबाई पुटपुटल्या, "भाकर... भाकर द्या..."

कौसामामी गर्रकन माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस? उपाशी मारलीस सासूला, म्हनून आई कोपली!"

मी पण भाविकच की, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. पण आत्याबाईंचा हात धरला आणि दचकले... एवढ्या थंडीत त्यांचं लुगडं घामानं चिंब भिजलेलं. कोपऱ्यात शेंगदाण्याची वाटी भरलेली, ताकाला हात लागला नव्हता.

उपासाला भाकरी नाही, अंडं नाही. डॉक्टरांच्या पथ्यात साबुदाणा नाही, बटाटा नाही. बाईनं देव आणि डॉक्टर दोघांचं ऐकलं होतं, आणि रिकाम्या पोटी गोळी घेऊन बसली होती!

डॉक्टर बजावून सांगायचे, घाम सुटला, थरथर झाली, असंबद्ध बोलायला लागल्या तर लगेच गोड द्या. पण घरात साखरेचा कण नाही. गूळ होता तो देवीच्या ताटात, निवद अजून दाखवायचा होता.

मी तो उचलला.

कौसामामींनी मनगट धरलं. "अगं, गूळ म्हंजी इख, जहर हाय म्हनत हुतीस ना तिला? आता मारती का काय!"

चुकले असते तर...? हात हिसकून घेतला, गूळ पाण्यात कुस्करला आणि आत्याबाईंची हनुवटी धरून चमच्यानं थोडा थोडा ओठाशी लावला. त्यांनी घोट गिळला, मग आणखी एक. मनात एकच... आई, चुकलं असेल तर मला धर, यांना उठव.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. थरथर कमी झाली. आत्याबाईंनी डोळे नीट उघडले, जमलेल्या बायकांकडं बघितलं, कपाळाला हात लावला तर बोटं लाल.

"काय गं? मयत झाल्यावानी का जमलायसा?"

कौसामामी हळूच म्हणाल्या, "आई... गेली का?"

"कुठली आई? भूक लागली हुती मला, कौसे!"

मी तिथंच फतकल मारून रडायला लागले. मग आत्याबाई खाली मान घालून म्हणाल्या, "म्हटलं, अर्ध्या भाकरीनं नळी निळी हुती, तर काईच न्हाई खाल्लं तर आभाळावानी यील..." आता रडू का हसू! निळा रंग साखर जास्त नाही एवढंच सांगतो हो, किती खाली गेली ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दोघींनाही ओरडले आणि त्यांनी गोळी कमी केली. नातीलाही मी तेच सांगते... ताट बदल खुशाल, पण गोळ्या चालू असताना डॉक्टरला विचारल्याशिवाय उपासतापास नको.

वस्तीवर मात्र आत्याबाईंनीच सगळ्यांना ऐकवलं, "माझ्या सुनंनं देवीच्या म्होरला घास काढून मला घातला. आता तिला कोन बोललं तर गाठ माझ्याशी हाय."

पुढच्या चतुर्थीला सकाळीच ताटावर येऊन बसल्या. "वाढ अर्धी भाकर. माझ्या वाटचा उपास तू धर."

आत्याबाईंना जाऊन कैक वर्षं झाली... त्यांच्या वाटची चतुर्थी मी अजून धरते.